न वाचली गेलेली वही

साहित्य शिकवणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट सहसा येत नाही. आपण ज्याला 'वाचन' म्हणतो ती क्रिया वर्गाबाहेरही अखंड चालू असते आणि तेथे ती चुकली तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. मला याची जाणीव झाली ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, एका साध्या वहीमुळे. त्या वहीची हकीकत आधी सांगते. तिच्या निमित्ताने जे म्हणायचे आहे ते नंतर.

त्या वर्षी चार महिन्यांत माझे वजन ५२ किलोवरून ४४ किलोवर आले. सतत तहान लागे. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे. शेवटच्या बाकावरच्या मुलींचे चेहरे धूसर दिसू लागले होते. आमचे कुटुंबाचे डॉक्टर वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना हे सारे सांगितले आणि भीतभीतच विचारले, "साखर तपासून घ्यायची का?" ते हसले. "अगं, तुला कसला मधुमेह होतोय? अंगावर मांस तरी आहे का? पेपर तपासणं जरा कमी कर." त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढे दोन महिन्यांत दोनदा चष्म्याचा नंबर बदलला, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी साखर तपासायला सांगितले. उपाशीपोटी २३८ निघाली.

आता तरी माझ्या म्हणण्याला आधार मिळाला असे मला वाटले. शहरातल्या एका तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी 'टाइप २' असे निदान केले, गोळ्या दिल्या आणि आहाराचा एक छापील कागद हातात ठेवला. त्यावरची पहिली सूचना होती, 'वजन कमी करा'. तेव्हा माझे वजन ४४ किलो होते. मी तसे म्हटले, तर ते म्हणाले, "तो कागद सगळ्यांसाठी आहे."

गोळ्या वाढत गेल्या, पण साखर उतरेना. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सीचा आकडा ९.१ वरून वर्षभरात ११.४ वर गेला. पथ्य नीट पाळले जात नाही, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. म्हणून मी वही घातली. सकाळच्या अर्ध्या भाकरीपासून रात्रीच्या ताकापर्यंत सारे वेळेसह लिहू लागले. शेजारी घरच्या यंत्रावर मोजलेली साखर. दोन महिन्यांनी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. "मॅडम, वहीत सगळेच सगळं लिहितात असं थोडंच आहे?" एवढेच म्हणाले आणि माझ्या यजमानांकडे वळून विचारते झाले, "घरात गोडाचे डबे कुठे ठेवता?"

त्या प्रश्नाचा परिणाम दवाखान्यापुरता राहिला नाही. त्या दिवाळीत लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला. यजमान काही बोलले नाहीत, पण लाडू मोजले जात आहेत हे मला कळत होते. त्यांना दोष देत नाही. एकीकडे पदवीधर तज्ज्ञाचा शब्द, दुसरीकडे माझा. सर्वांत वाईट हे की हळूहळू मलाच माझी वही खोटी वाटू लागली. काही लिहायचे राहून तर गेले नसेल, या शंकेने मी जुनी पाने पुन्हापुन्हा चाळत असे.

पुढे एका सकाळी उलट्या थांबेनात, श्वास खोल आणि जलद होऊ लागला. शरीरात इन्शुलिन अगदीच कमी पडले की ते चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. तशी अवस्था झाली होती. चार दिवस अतिदक्षता विभागात काढले. तेथील एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने पिशवीतली वही पाहिली, खाटेशेजारी उभी राहून पंधरा-वीस पाने वाचली आणि विचारले, "मॅडम, आजारापूर्वी तुमचं वजन किती होतं?" वर्षभरात कोणी न विचारलेला हा प्रश्न होता. स्वादुपिंड स्वतः किती इन्शुलिन बनवते हे दाखवणारी सी-पेप्टाइडची आणि शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटले आहे का हे दाखवणारी जीएडी प्रतिपिंडांची, अशा दोन तपासण्या झाल्या. प्रौढ वयात संथपणे सुरू होणारा स्वयंप्रतिकारजन्य मधुमेह, असे निदान झाले. टाइप १ चाच हा भाऊबंद. पथ्याने तो बरा होणार नव्हता. मला इन्शुलिनची गरज होती.

हकीकत येथे संपते. ती गाऱ्हाणे म्हणून सांगितलेली नाही. त्या दोन्ही डॉक्टरांनी जाणूनबुजून हयगय केली असेही मला वाटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि त्यांतील बहुसंख्यांना टाइप २ आहे. रोज तेच कथानक ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा साचा तयार होणारच. मध्यमवय, सुटलेले पोट, बैठे काम, गोडाची आवड, पथ्याचा कंटाळा. साहित्यप्रकाराचे संकेत ठाऊक असलेला वाचक पहिल्या पानावरच शेवट ओळखतो, तसेच हे. आणि बहुतेक वेळा तो बरोबर ओळखतो, हीच खरी अडचण आहे. माझ्या पहिल्या डॉक्टरांना मी त्या साच्यात बसत नव्हते, म्हणून मला मधुमेह नव्हता. दुसऱ्यांच्या हाती २३८ हा आकडा आल्यावर त्यांनी मला साच्यात बसवले, आणि जे त्यात मावेना ते खोटे ठरवले.

ही चूक आपल्याकडचीच नाही. ब्रिटनच्या तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांना २०१२ साली आधी टाइप २ असल्याचे सांगण्यात आले. गोळ्यांनी गुण येईना, तेव्हा पुढील तपासणीत टाइप १ निघाला. त्यांचे वय छपन्न होते. टाइप १ हा मुलांचा रोग, ही समजूत किती अपुरी आहे हे ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाने २०१७-१८ च्या सुमारास दाखवले. वयाच्या साठीपर्यंत आढळणाऱ्या टाइप १ च्या रुग्णांपैकी सुमारे ४२ टक्के रुग्णांत तो तिशी उलटल्यावर सुरू झालेला होता.

कृश रुग्ण हा काही नवा शोध नव्हे. चरकाने प्रमेहाचे रुग्ण स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बळ असे वेगळे केले होते आणि त्यांच्या चिकित्सेतही भेद सांगितला होता. सुश्रुतानेही सहज म्हणजे जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे दोन प्रमेह मानले. या वर्गीकरणाची आजच्या प्रकारांशी तंतोतंत सांगड घालणे योग्य होणार नाही. पण गोडसर लघवीचा प्रत्येक रुग्ण अपथ्य करणारा नसतो, एवढे तरी त्यांना मान्य होते. आधुनिक वैद्यकात हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली इन्शुलिनला सहज प्रतिसाद देणारे आणि न देणारे असे रुग्ण वेगळे करून दाखवले. अपथ्य हा शब्द मात्र आपल्या बोलण्यात असा रुजला की मधुमेह म्हटले की रुग्णाच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते. क्षय आणि कर्करोग यांवर लादलेल्या रूपकांविषयी सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ साली लिहिले. आपल्याकडे मधुमेहावरही तसे एक रूपक लादलेले आहे, ते जिभेवर ताबा नसल्याचे.

बारीक देह म्हणजे निरोगी देह, या समजुतीला पुण्यातूनच उत्तर मिळाले होते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. नुसत्या नजरेने देह वाचणे किती फसवे असते, याचा याहून सोपा पुरावा मिळणे कठीण.

आणखी एक उदाहरण या सर्वांहून गंभीर आहे. लहानपणापासून अर्धपोटी राहिलेल्या, हाडकुळ्या माणसांना होणारा एक वेगळा मधुमेह १९५५ साली जमैकात नोंदवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली त्याला आपल्या वर्गीकरणात जागा दिली आणि १९९९ साली पुरेशा पुराव्याअभावी ती काढून घेतली. रुग्ण होतेच, फक्त त्यांच्या रोगाला नाव उरले नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या रुग्णांचा मुख्य दोष इन्शुलिन कमी बनण्याचा आहे, ते दाद न देण्याचा नाही, हे दाखवले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. मी शिकलेली, पगारदार, वही लिहू शकणारी बाई होते. ज्यांना वही लिहिता येत नाही आणि ज्यांच्या रोगाला पाव शतक नावच नव्हते, त्यांचे 'ऐका हो' कोणी कसे ऐकले असेल?

मिरांडा फ्रिकर या तत्त्वचिंतक बाईंनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात अशा अनुभवाला नाव दिले आहे. बोलणाऱ्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या शब्दाला कमी विश्वास मिळतो, तेव्हा जाणकार म्हणून त्याच्यावर अन्याय होतो, असे त्या म्हणतात. डॉक्टरांनी माझ्याऐवजी यजमानांना प्रश्न विचारला, तेव्हा नेमके हेच घडले. माझ्याच देहाविषयीची माझी साक्ष बाद झाली आणि दुसऱ्याची मागवली गेली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रुग्ण खोटे बोलतात, अर्धवट सांगतात, स्वतःलाही फसवतात. प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवणारा डॉक्टर धोकादायकच ठरेल. हे मला पूर्ण मान्य आहे. पण अविश्वसनीय निवेदक ही कल्पना आपण वर्गात शिकवतोच की! निवेदकावर शंका आली म्हणून आपण पुस्तक मिटतो का? उलट अधिक बारकाईने वाचतो. कोठे विसंगती आहे, काय वगळले आहे, हे मजकुरातच शोधतो. माझ्या डॉक्टरांनी वही उघडून "या मंगळवारी दुपारी काय झालं?" असे दरडावून विचारले असते तरी मला राग आला नसता. तपासणीपर्यंत नेणारी शंका हे वैद्यकाचे कर्तव्यच आहे. त्यांच्या शंकेने मात्र तपासणीचे दार लावून घेतले.

रुग्णाचे बोलणे मध्येच तोडण्याची सवयही जुनी आहे. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली अमेरिकेत केलेल्या अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला थांबवत असल्याचे आढळले होते. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागातली रांग ज्याने पाहिली आहे, तो या आकड्याला हसणार नाही. गर्दी खरी आहे, वेळ खरोखर नाही. मात्र त्या निवासी डॉक्टर मुलीकडेही वेळ नव्हता. तिची चोवीस तासांची पाळी संपत आली होती.

आता आपल्याविषयी. २०१९ पासून आपल्याकडे एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश झाला आहे, ही चांगलीच गोष्ट. पण संवाद म्हणजे हसून बोलणे, नमस्कार करणे एवढाच अर्थ राहिला तर काही साधणार नाही. माझे दुसरे डॉक्टर अत्यंत सौजन्याने बोलत असत. त्यांना वाचता येत नव्हते. अपेक्षेत न बसणारा तपशील पाहून थांबणे, ही साहित्याभ्यासाची कमाई आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. रीटा शॅरन यांनी 'कथनाधारित वैद्यक' या नावाने गेली पंचवीसेक वर्षे हेच आग्रहाने मांडले आहे. मराठीच्या प्राध्यापकाला वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक तास का मिळू नये, असा प्रश्न आपण विद्यापीठांना विचारायला हवा.

अर्थात तो हक्क मागण्यापूर्वी आपली दप्तरेही तपासलेली बरी. रुग्णालयातून परतल्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे आला. एका मुलाने एका कवितेचा अर्थ गाइडपेक्षा अगदी निराळा लावला होता. सवयीने माझी लाल पेन्सिल फुलीकडे गेली. मग मी थांबून ते उत्तर पहिल्यापासून वाचले. त्याचा अर्थ चुकीचाच होता. पण कवितेतील ज्या ओळीवर तो अडला होता, ती मी वीस वर्षे वर्गात घाईने ओलांडत आले होते. गुण फारसे वाढले नाहीत. समासात मी त्या ओळीपाशी एक प्रश्न लिहिला आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली.