खाडीचा गाळ रिकामा समजू नका

संपादक महोदय,

ठाण्यातील बाळकुम-गायमुख खाडीकिनारी मार्गाविषयीच्या आपल्या लेखात ‘गाळात जुनी गलबते असती तर आजवर दिसली असती’ असे म्हटले आहे. शोधलेच नाही, तर दिसणार कशी? कल्याणला शिवरायांच्या आरमाराची जहाजे बांधली गेली. ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. या खाडीत तेव्हा गलबतांचीच ये-जा होती. बाळकुमला एखादे पुरलेले आहेच, असा माझा दावा नाही. पण पाहायला तर हवे.

‘लाकूड चिखलात कुजते’ हे लेखातले विधानही चूक आहे. उघड्या खाऱ्या पाण्यात समुद्री जीव लाकूड पोखरतात. गाळाखाली प्राणवायूच नसल्याने ते टिकते. केरळात कडक्करप्पळ्ळी येथे २००२-०३ मध्ये जमिनीत गाडलेले, काही शतकांपूर्वीचे गलबत उत्खननात निघाले.

‘प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा पुरेसा आहे’ हेही अर्धसत्य. शंभर मीटरची बांधकामबंदी घोषित संरक्षित स्मारकांभोवतीच लागू होते. गाळाखालचे गलबत त्या यादीत कुठून येणार?

राहिली कामाला उशीर होण्याची भीती. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागी जुलै २०१० मध्ये खोदकामात अठराव्या शतकातले जहाज सापडले. लाकडे नोंद करून काढली, बांधकामही झाले.

मार्गाच्या खांबांसाठी पायलिंग करताना वर येणारा गाळ पुरातत्त्वज्ञाने तपासावा आणि काही आढळल्यास काम थांबवून कळवण्याची अट ठेकेदाराच्या करारात घालावी. हा मार्ग बांधणाऱ्या एमएमआरडीएने ही तरतूद खांब रोवण्याआधीच करावी.

कळावे,
एक रहिवासी, बाळकुम, ठाणे