गुहेचं वय आणि गाण्याचं वय

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडावर चहूकडून गोंड भाविक लोटतात. कथा अशी, की आदिमाता कली कंकालीची तेहतीस मुलं इथल्या गुहेत कोंडली गेली आणि गोंडांचे आदिगुरू पारी कुपार लिंगो व जंगो रायतार यांनी ती सोडवली.

हा निव्वळ इतिहासच, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. पुरावा काय, तर गुहा पंचवीस हजार वर्षांची. असेल, त्याहून जुनीही असेल. पण त्यावरून कळतं ते खडकाचं वय. मुलं कोंडली गेली की नाही, याबद्दल खडक काहीच बोलत नाही.

खरी अडचण तर परंपरेतच आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मिळवलेलं लिंगोचं गाणं त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापलं. त्यात महादेव एक खार सोडतो, गोंड तिच्यामागे गुहेत शिरतात, तोंडावर शिळा बसते. चौघे तेवढे बाहेर उरतात. आणि ही गुहा धवलगिरीवर! यावर उत्तर मिळतं, की ती प्रत हिंदू छापाची, बिघडलेली. छाप आहेच, त्यात भस्मासुरसुद्धा आहे. पण मग कचारगडाची कथा तिच्याहून जुनी, हे कशावरून ठरलं? गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी ती ग्रंथात बांधली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनही हे विचारलंच पाहिजे.

‘म्हणजे भाकडकथाच की!’ असं म्हणून हसणाऱ्यांनी जरा थांबावं. पुण्याच्या प. वि. वर्तकांनी महाभारत युद्धाचा आरंभ इ. स. पूर्व ५५६१च्या १६ ऑक्टोबरला झाल्याचं ग्रहताऱ्यांवरून काढलं, तेव्हा माना डोलावणारे कमी नव्हते. लिंगोला एक माप आणि व्यासांना दुसरं, हे चालणार नाही.

आता राहिलं काय? पुष्कळ राहिलं. गुहा, मुलं, शिळा, सगळं बदलतं; सुटकेनंतर लिंगो लोकांची कुळं लावून देतो, हे मात्र बदलत नाही. चार, पाच, सहा, सात देवांचे गट. एकाच गटात सोयरीक नाही. आदिलाबादच्या राजगोंडांत मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना हीच चौकडी भावांच्या संख्येनं मांडलेली आढळली. त्यांचं पुस्तक १९४८चं. मधे शेकडो किलोमीटर जंगल, वेगळी राज्यं, तरीही लग्नाचा नियम तोच. असा नियम कुणा एका ग्रंथकाराच्या डोक्यातून निघत नाही. ही व्यवस्था किती जुनी, हा इतिहासाचा रास्त प्रश्न आहे, आणि तो सोडवायला गाणं हाच मोठा दस्तऐवज आहे.

म्हणून गडावर हजारो वर्षांचे आकडे रंगवण्याआधी परधानांच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकांच्या, तोंडची गाणी गावोगाव ध्वनिमुद्रित करावीत, एकमेकांशी न जुळणाऱ्या ओळींसकट. ‘शुद्ध’ प्रत ठरवायची घाई झाली, तर आधी त्याच ओळी गाळल्या जातील.