विश्लेषण : अंगणवाडी नेमकी कोणत्या टोल्यावर?

शहरातल्या निवासी भागात पाळणाघर येणार म्हटले की वाद होतो तो आवाजाचा आणि गाड्यांच्या गर्दीचा. जर्मनीने २०११ मध्ये कायदाच बदलला आणि पाळणाघरातल्या मुलांचा आवाज हा उपद्रव नव्हे, असे ठरवले. टोकियोनेही २०१५ मध्ये आवाजाच्या नियमांतून लहान मुलांना वगळले. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात, हेमलकसा परिसरात प्रश्न वेगळा आहे. इथे मुद्दा अंगणवाडी नको असण्याचा नाही, ती नाल्याच्या कोणत्या बाजूला हवी याचा आहे.

निकष कुठे कमी पडतो?

आदिवासी, डोंगराळ भागात ३०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी आणि १५० ते ३०० लोकवस्तीसाठी मिनी अंगणवाडी, असा निकष ठरवण्यात आला. हा निकष डोकी मोजतो, नाले मोजत नाही. माडिया वस्त्या टोल्याटोल्यांत विखुरलेल्या. तीन टोल्यांची बेरीज करून कागदावर एक अंगणवाडी बसते, पण पावसाळ्यात पलीकडच्या टोल्यातले तीन वर्षांचे मूल तिथे पोहोचणार कसे? पर्लकोटेच्या पुराने जिथे तालुक्याच्या मुख्यालयाचाच संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे, तिथे ही अपेक्षाच अजब म्हणायची. अमृत आहार योजनेमुळे गरोदर आणि स्तनदा मातांचे रोजचे जेवणही अंगणवाडीशी जोडलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ‘मागेल तिथे अंगणवाडी’चा हक्क दिला, तो सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीला. सात-आठ माणसांमागे असे एक मूल धरले, तर वस्तीत तीनशेच्या आसपास लोक हवेत. लहान टोले इथेच बाद होतात.

आश्रमशाळेने का भागत नाही?

बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोक बिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये निवासी शाळा काढली. अंतराचे उत्तर तिने मुलांना राहायला आणून दिले. दोन वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवता येत नाही. त्याच्यासाठी अंगणवाडीनेच टोल्यावर जायला हवे.

जमीन वनखात्याची असेल तर?

ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखान्याबरोबर अंगणवाडीचे नाव स्पष्ट आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पेसाच्या २०१४ च्या राज्य नियमांनुसार एखादा पाडाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवू शकतो.

म्हणजे किल्ली ग्रामसभेकडे आहे. पण बांधकामाला सोयीची जागा नेहमी रस्त्यालगतची असते. सिमेंटचा ट्रक तिथे पोहोचतो, पर्यवेक्षिकेची दुचाकीही पोहोचते. जागेची पाहणी उन्हाळ्यात झाली तर नाला कोरडा दिसतो आणि सगळेच टोले जवळ वाटतात. ठरावापूर्वीची पाहणी ऑगस्टमध्ये, पायी आणि लांबच्या टोल्यापासून सुरू करून व्हायला हवी.