पाचपैकी साडेचार, पण कुणाच्या रस्त्यावर?

भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, बघा की. पाचपैकी साडेचार हायत. अजून काय पाहिजे?" त्याचा टॉवेलचा धंदा. महिन्यातून चार-पाचदा पुण्याला आणि एखाद-दोनदा हैदराबादला जाणं होतं. यंदा त्याने हायब्रिड गाडी घ्यायचं मनावर घेतलं आहे, म्हणजे अठरा-वीस लाखांचा व्यवहार. मी त्याला विचारलं, "तुझ्या टॉवेलला कुणी पाचपैकी साडेचार म्हणालं, तर तू माल उचलशील?" तो लगेच म्हणाला, "असं कसं? जीएसएम किती, सूत कुठलं, रंग पक्का हाय का नाही, ते विचारणार की!" दोनशे रुपयांच्या टॉवेलला जो प्रश्न सुचतो तो वीस लाखांच्या गाडीला का सुचू नये, यासाठी हा लेख आहे.

माझी सगळी नोकरी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, तपासणी खात्यात गेली. कशाने मोजलं, कुठल्या तापमानात मोजलं आणि कुणी मोजलं, हे ज्या आकड्याखाली लिहिलेलं नसे तो आकडा आम्ही धरतच नसू. ज्या गावात प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना जगभरच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट ओततो आणि घासतो, त्या गावाला ही शिस्त नवी नाही. गाडी घेताना मात्र आपण ती घरी ठेवून शोरूममध्ये जातो.

आता पूर्वपक्ष ऐकू. तो म्हणतो, शेकडो मालकांनी दिलेले हे गुण आहेत. एक चुकेल, शंभर कसे चुकतील? शंभर जण चुकत नाहीत, हे मला मान्य आहे. पण ते शंभर जण एकाच गाडीबद्दल बोलत असतात का? मारुतीची ग्रँड विटारा २०२२ साली आली तेव्हा एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रं विकली जात होती. एक 'स्मार्ट हायब्रिड': त्यातली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण एकटी चाकं फिरवू शकत नाही. दुसरी 'स्ट्राँग हायब्रिड': ही इंजिन बंद ठेवून निव्वळ विजेवर चालू शकते. पहिलीचा प्रमाणित आकडा लिटरला २१ किलोमीटरच्या आसपास, दुसरीचा २७.९७. पुढे त्याच नावात सीएनजीही आली. गुण मात्र बहुतेक ठिकाणी मॉडेलच्या नावावर पडतात. स्मार्ट हायब्रिड, सीएनजी आणि स्ट्राँग हायब्रिड अशा तिन्हींच्या मालकांची मतं एकाच पातेल्यात ढवळून निघालेल्या साडेचारातून हायब्रिडबद्दल काय कळणार? केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'स्मार्ट'सारख्या सौम्य हायब्रिडचं अनुदान बंद करून हा फरक केला. गुण देणारे अजून तो करत नाहीत.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. टोयोटाची हायरायडर आणि ही ग्रँड विटारा यांचं हायब्रिड इंजिन, मोटर आणि बॅटरी एकच. बाजारात आल्या तेव्हा दोन्ही बंगळूरजवळच्या बिदडीच्या कारखान्यातूनच बाहेर पडत होत्या. या जुळ्या बहिणींच्या गुणांत कुठे फरक दिसला, तर तो हायब्रिड यंत्राचा असूच शकत नाही. तो पुढच्या जाळीचा, सर्व्हिस सेंटरमधल्या वागणुकीचा किंवा गाडीसाठी वाट बघायला लागलेल्या महिन्यांचा फरक असतो. त्या गोष्टींनाही किंमत आहे, पण त्यांच्यावर 'हायब्रिड चांगली' अशी चिठ्ठी चिकटवू नये.

आणि शंभर जणांच्या मताची ताकद तरी किती? पन्नास जणांनी तारे दिले आणि त्यांच्या मतांत साधारण एका ताऱ्याचा पसारा असेल, तर त्या सरासरीतच सुमारे ०.१४ ची हलचल असते. दोन गाड्यांची तुलना करायला गेलं की ती ०.२ होते. म्हणजे ४.४ आणि ४.२ यांतला फरक त्या हलचलीएवढाच, आणि त्यावर निवड करणाऱ्याला भरवसा फार थोडा. हे तारे बऱ्याचदा गाडी घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात दिले जातात, हार घातलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात. माझ्या स्वतःच्या मागच्या गाडीच्या वेळी किल्ली हातात देतानाच "साहेब, पाचच द्या हं, आमचं टार्गेट असतं" असं मला सांगितलं गेलं आणि मी पाच दिले. त्या वेळी गाडी पेट्रोल पंपापलीकडे गेली नव्हती. ते पाच तारे आजही कुठल्या तरी सरासरीत बसलेले आहेत आणि कुणाला तरी वाट दाखवत आहेत, याची मला मनापासून खंत आहे.

पूर्वपक्षाचा दुसरा मोहरा म्हणजे तज्ज्ञ. मालकांचं सोडा, जाणकार लेखकांचे गुण तरी घ्या, असं म्हणतात. जाणकारांबद्दल मला आदर आहे. पण नवी गाडी येते तेव्हाचा पहिला लेख बहुधा कंपनीने आखलेल्या रस्त्यावर, कंपनीने ठरवलेल्या एक-दोन दिवसांत, कंपनीच्या पाहुणचारात लिहिला जातो. लेखक प्रामाणिक असला तरी रस्ता त्याचा नसतो. हायब्रिडच्या बाबतीत तर रस्ता हाच अर्धा निकाल असतो, आणि ते का, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

या हायब्रिड गाडीत वीज बाहेरून भरत नाहीत. तिची सारी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच. ग्रँड विटाराची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची, म्हणजे आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिट. बचत होते ती ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती परत साठवण्यातून आणि ज्या मंद वेगात इंजिन आळशीपणाने पेट्रोल जाळतं तिथे त्याला झोपवण्यातून. सात रस्त्यावरून नवी पेठेत, तिथून मधल्या मारुतीपर्यंत गर्दीत रडतखडत जा. हायब्रिड तिथे खरी कमाल करते. पण भाच्याचा रस्ता तो नाही. त्याचा रस्ता सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोलनाके मोजत जाणारा अडीचशे किलोमीटरचा पुणे महामार्ग. शंभरच्या वेगाने तासन्‌तास चालताना इंजिन जवळजवळ सतत चालूच, आणि ब्रेक लागतो तो टोलनाक्यावर. परत साठवायला तिथे फारसं काही नसतंच. तुळजापूरकडे गेलं तर घाट चढताना मोटरची मदत होते खरी, पण उतरताना पाऊण युनिटाची बॅटरी लवकर भरते आणि पुढची उतरण वाया जाते.

शिवाय आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो. स्ट्राँग हायब्रिडचा एसी बॅटरीवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार वारा येतो, आणि ते सुख खोटं नाही. पण त्यामुळे बॅटरी लवकर रिकामी होते आणि तिला भरायला इंजिन पुन्हा पुन्हा उठतं. हिवाळ्यात उदयपूरच्या तळ्याकाठी गाडी चालवून दिलेल्या गुणांत हे दुपारचं ऊन कुठून येणार?

मग प्रमाणित आकडा? तो तर पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून काम करणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेतला. त्यावर माझा विश्वास आहे, पण तो आकडा जे सांगतो तेवढ्यापुरताच. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर धावते. ठरलेल्या आराखड्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. ११८० सेकंद, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं, अकरा किलोमीटरहून थोडं कमी अंतर, सर्वांत जास्त वेग ९०, एसी बंद. थांबत-थांबत चालण्याचा हा आराखडा हायब्रिडच्या अंगाला बरोबर बसतो. म्हणून २७.९७ हा आकडा खोटा नाही, पण तो पुणे रस्त्यावर तसाच मिळेल असं मानणं चूक आहे. दोन गाड्या एकाच तराजूत घालायला तो उत्तम. महिन्याचं पेट्रोलचं बजेट मांडायला तो कामाचा नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठरलं तर मग, सगळं विकलेलं आहे, कुणावरच विश्वास नको. हा दुसऱ्या टोकाचा पक्ष मला पहिल्याइतकाच अमान्य आहे, कारण त्यालाही मोजायचे कष्ट नकोत. अमेरिकेत फोर्डच्या सी-मॅक्स हायब्रिडवर गॅलनला ४७ मैलांचा अधिकृत आकडा छापला होता. कन्झ्युमर रिपोर्ट्स हे मासिक जाहिराती घेत नाही आणि गाड्या स्वतः विकत घेऊन तपासतं. त्यांच्या मोजणीत ३७ निघाले. पुढे कळलं की फोर्डने नियमाच्या मुभेनुसार दुसऱ्याच गाडीच्या चाचणीचा आकडा या गाडीला लावला होता. २०१३ मध्ये फोर्डला तो ४३ वर आणावा लागला, मालकांना पैसे द्यावे लागले, आणि २०१४ मध्ये आकडा आणखी खाली आला. त्याआधी प्रियसच्या बाबतीतही असंच घडलं होतं. तिथल्या सरकारने २००८ च्या गाड्यांपासून चाचणीत वेगवान रस्ता, एसी आणि थंडी धरायला सुरुवात केली, आणि प्रियसचा शहरातला आकडा ६० वरून ४८ झाला. गाडी तीच होती, फक्त मोजणी रस्त्याच्या जवळ आली. छापलेल्या शब्दाने एवढं काम केलेलं असताना सगळे लेखक विकलेले आहेत म्हणणं हा त्या मोजणाऱ्यांवर अन्याय आहे.

तेव्हा माझा पक्ष असा. गुण वाचू नका, गुणांच्या मागची नोंद वाचा. गाडी कुणाची होती, किती दिवस आणि किती किलोमीटर चालली, टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत मोजलं की डॅशबोर्डवरचा आकडा उतरवून घेतला, एसी चालू होता का, माणसं किती होती, शहर आणि महामार्ग वेगळे दिले आहेत का. एवढं ज्याने लिहिलं त्याने गुण दिले नसले तरी चालेल. आपल्या बाजार समितीत कांद्याचा भाव किमान, कमाल आणि सर्वसाधारण असा तिन्ही अंगांनी छापून येतो. नुसत्या सर्वसाधारण भावावर कुठला शेतकरी गाडी भरून आणतो? आपला कांदा कुठल्या प्रतीचा, हे आधी तो बघतो.

भाच्यासाठी मी हिशेब मांडला. २०२२ च्या किमती घेतल्या, कारण तुलना स्वच्छ होते: ऑटोमॅटिक स्मार्ट हायब्रिड १५.३९ लाख, स्ट्राँग हायब्रिड १७.९९ लाख. फरक २.६ लाखांचा. स्ट्राँगमध्ये काही सोयी जास्त आहेत, त्या बाजूला ठेवू. प्रमाणित आकडे २०.५८ आणि २७.९७. वर्षाला दहा हजार किलोमीटर चाललं तर साधारण १२८ लिटर वाचतात; पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साडेतेरा हजार रुपये. फरक भरून यायला एकोणीस वर्षं. आता निव्वळ शहरातली गर्दी धरा, आणि समजा साधी गाडी १२ देते, हायब्रिड २० देते. मग वर्षाला ३३३ लिटर, पस्तीस हजार रुपये, म्हणजे साडेसात वर्षं. बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. म्हणजे रोज गावात फिरणाऱ्या डॉक्टरला ही गाडी हमीच्या आत पैसे परत देऊ शकते. भाच्याचं चालणं वर्षाला तीस हजारांच्या घरात, पण जवळजवळ सगळं महामार्गावर, जिथे दोन गाड्यांच्या पेट्रोलखर्चातला फरक सर्वांत कमी. त्याच पाचपैकी साडेचारात हे दोघंही कोंबलेले असतात.

शांत गाडी हवी, धूर कमी हवा, म्हणून कुणी जास्त पैसे मोजले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. ती निवड मला आवडते. तिला बचतीचं नाव देऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

भाच्याने शोरूमला फोन लावला आणि दहा मिनिटांची फेरी नको म्हणाला. बऱ्याच रदबदलीनंतर रविवारी दुपारी दीड वाजता गाडी मिळाली. पंपावर पेट्रोल काठोकाठ भरलं, एसी चोविसावर लावला, मागे माझी बहीण आणि सून बसल्या, डिकीत टॉवेलच्या दोन गाठी टाकल्या. बॅटरीमुळे डिकीत जागा कमी, त्यामुळे तिसरी गाठ बसली नाही. तेही लिहून ठेवलं. मोहोळपर्यंत जाऊन आलो आणि त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा भरलं. भाच्याने दुकानातली लाल वही आणली होती. पहिल्या ओळीत त्याने तारीख, वेळ आणि तापमान लिहिलं, मग किलोमीटर, मग लिटर. गुणांचा रकाना त्याने आखलाच नव्हता.