खाडीचा फोटो आणि चांदाची तारीख

परवा कामतघरला चहाच्या टपरीवर एकाने मोबाइल पुढे केला. उपग्रहाने टिपलेले वसईच्या खाडीचे दोन फोटो. एकात पाणी हिरवट, दुसऱ्यात मातकट. लगेच निकाल: "कामवारीकाठच्या झोपड्यांनी खाडी भरली." सगळ्यांच्या माना डोलल्या. मला राग आला, आणि थोडी लाजही वाटली. गेल्या वर्षी असेच दोन फोटो मीच रेती उपसणाऱ्यांच्या नावाने पुढे पाठवले होते.

फोटो खोटे नाहीत. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वी टिपताहेत. २००८ पासून ते फोटो सर्वांना फुकट मिळू लागले. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ चे फोटोही मिळतात. गढूळ पाणी तांबडा प्रकाश जास्त परत फेकते, त्यावरून गाळाचा अंदाज बांधता येतो. पण तो फक्त वरच्या थराचा. तळाशी सरकणारी रेती त्यात दिसत नाही, आणि गाळ कुणाच्या दारातून आला हे तर मुळीच नाही.

मोठी गफलत भरती-ओहोटीची आहे. हे उपग्रह आपल्यावरून सकाळी ११ च्या सुमारास जातात. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला त्या वेळी भरती चढत असते. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी ओहोटी असते. म्हणजे कुणी काही न करताही दोन फोटो वेगळेच येणार. चांद बघून महिना धरणारे आपण, आणि फोटोखालची तारीख चांदाशी ताडून बघायचे आपल्याला सुचू नये? शिवाय सर्वाधिक गाळ पावसाळ्यात वाहतो, आणि नेमके तेव्हाच हे उपग्रह ढगांखालचे पाहू शकत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. सारख्याच भरतीचे फोटो ताडा. होडीतून पाणी आणा, गाळा, गाळ वाळवून तोला आणि त्याच दिवशीच्या फोटोशी जुळवा. कामवारीच्या तोंडाशी मोजा. रेती उपसतात तिथेही मोजा. तिवरे तोडून भराव टाकतात तिथेही. फक्त गरिबाच्या दारात मोजमाप घेऊन चालणार नाही.

एवढे करून दोष झोपड्यांचा निघाला, तर मी तसे इथेच लिहीन. तोवर दोन फोटोंवर कुणाचे छप्पर काढायची भाषा माझ्यासमोर करू नका.