गेटवरची वही

आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी गेटवर टॅब्लेट बसवला. आलेल्याचं नाव आणि फ्लॅट नंबर टाकायचा, घरच्यांच्या मोबाइलवर विचारणा जाणार, त्यांनी 'होय' दाबलं की माणूस आत. विकायला आलेला मुलगा म्हणाला होता, "काका, एकच बटण आहे. आजीसुद्धा वापरेल."

आज त्या टॅब्लेटशेजारी एक वही आहे, सुतळीने बांधलेल्या पेनासकट. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे बटणांचा फोन, म्हणून त्यांचे पाहुणे वहीत. तीन घरी काम करणाऱ्या मावशींना कोणत्या घराने 'होय' म्हणायचं ते ठरेना, म्हणून मावशी वहीत. एका फ्लॅटचे मालक दुबईत आणि भाडेकरू इथे. विचारणा जाते दुबईला, म्हणून भाडेकरूचे पाहुणेही वहीत. रात्री वर्दळ थांबली की वॉचमन वहीतलं सगळं टॅब्लेटवर उतरवतो. बटण एक, नोंद दोनदा.

"उत्पादन साधं ठेवा" हा नव्या उद्योजकांचा मंत्र ऐकला की मला ही वही आठवते. त्या मंत्राशी माझं भांडण आहे. पण भांडायचं तर पूर्वपक्ष आधी धडपणे मांडावा.

तो असा. नव्या कंपनीकडे पैसा थोडा, माणसं थोडी आणि वेळ त्याहून थोडा. दहा गोष्टी अर्ध्यामुर्ध्या करण्यापेक्षा एक नीट करावी. गिऱ्हाइकाला शिकवावं लागलं तर तो दुसऱ्या दुकानात जातो. दाखला हमखास इन्स्टाग्रामचा दिला जातो. केविन सिस्ट्रॉम यांचं आधीचं ॲप 'बर्बन': आपण कुठे आहोत ते सांगा, बेत कळवा, गुण मिळवा, फोटो टाका. लोक फोटो तेवढे आवडीने टाकत. सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी बाकीचं छाटलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आणलं. २०१२ मध्ये फेसबुकने ते एक अब्ज डॉलरला घेण्याचा सौदा केला. छाटा आणि जिंका, असा याचा धडा.

छाटणी झाली हे खरंच आहे. पण छाटणी दिसते, भरणी दिसत नाही. त्या काळी मोबाइलचं नेट रखडत चालायचं. फोटो पाठवायला वेळ लागणार हे उघड होतं. म्हणून इन्स्टाग्राममध्ये, तुम्ही फोटोखालच्या ओळी लिहीत असतानाच फोटो गुपचूप वर चढायला लागायचा. शेवटचं बटण दाबेपर्यंत बहुतेक काम उरकलेलं असे. तुम्ही मध्येच बेत बदललात तर चढवलेला फोटो वाया. ती उठाठेव आणि तो तोटा कंपनीने आपल्या अंगावर घेतला, वापरणाऱ्याच्या वाट्याला आलं ते फक्त "किती सोपं आहे!" लॅरी टेस्लर हे ॲपलमध्ये बरीच वर्षं काम केलेले संगणकतज्ज्ञ. त्यांचं म्हणणं असं की कोणत्याही कामात एक किमान गुंतागुंत असतेच, ती कमी करता येत नाही. ती कोणी निस्तरायची एवढंच ठरवता येतं. आमच्या गेटवर ती वॉचमनने निस्तरायची असं ठरलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मंत्राची दुसरी चूक याहून मोठी. कमी दिसतं ते सोपं, असं तो गृहीत धरतो. सकाळी भाईंदरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मोठ्या सुबक अक्षरांत "पुढची गाडी ८ मिनिटांत" एवढंच सांगून पाहा. तो विचारेल, भाईंदरहून सुटणारी की विरारहून भरून येणारी? विरार गाडी इथे थांबते हे वेळापत्रकाचं सत्य. तिच्यात पाय ठेवायला मिळेल का, हा संसाराचा प्रश्न. फास्ट की स्लो? बारा डब्यांची की पंधरा? लेडीज आणि फर्स्ट क्लास फलाटावर कुठे येणार ते त्यावर ठरतं. एसी तर नाही ना? तिच्यात साधा पास चालत नाही.

सचिन टेके यांचं 'एम-इंडिकेटर' हे ॲप २०१० च्या सुमारास आलं आणि मुंबईकरांच्या हाती रुळलं ते याच प्रश्नांमुळे. पडद्यावर नुसती दाटी: वेळ, कुठली गाडी, फास्ट की स्लो, फलाट, डबे. डिझाइनच्या वर्गात या पडद्याला कदाचित नापास करतील. पण आम्हाला तो शिकावा लागला नाही, कारण फलाटावरचा इंडिकेटर वाचायला आम्ही आधीच शिकलो होतो. शिवाय वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं, त्यामुळे नेट नसलं तरी चालणारं. दर नव्या वेळापत्रकाला ते सगळं नव्याने भरण्याची कटकट बनवणाऱ्याने पत्करली. आमच्यासाठी तो भरगच्च पडदा साधा आहे, आणि "८ मिनिटांत" म्हणणारा सुबक पडदा गुंतागुंतीचा. कारण तो वाचून झाल्यावर शेजारच्याला विचारावंच लागतं.

यावर कोणी म्हणेल, मग काय, वाटेल तेवढी फीचर्स भरत सुटायची? तेही नाही. त्या पंथाचा प्रसादही आम्हाला मिळाला. वहीची तक्रार केली तेव्हा गेटवाल्या कंपनीने ॲप वाढवलं. आता त्यात गृहकर्जाची जाहिरात आहे, भाजी मागवायची सोय आहे, सभासदांचं मतदान आहे. एकाच फ्लॅटच्या मालक आणि भाडेकरू दोघांनाही विचारणा पाठवायची सोय मात्र नाही. एका पंथाने कामं छाटली, दुसऱ्याने वाढवली. गेटवर उभं राहून कोणीच पाहिलं नाही. दोन्ही पंथ पडद्यावरच्या वस्तू मोजतात. एक म्हणतो कमी करा, दुसरा म्हणतो भरा.

मग मोजायचं काय? भाईंदर पश्चिमेच्या बाजारात चला. उत्तनच्या मावशी मासळीची पाटी मांडून बसतात आणि पैसे यूपीआयने घेतात. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, संपलं. पैसे देणाऱ्याचं ॲप, त्याची बँक, मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, पलीकडे मावशींची बँक, एवढ्यांची बोलणी काही सेकंदांत होतात आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. देणाऱ्याचं काम याहून सोपं होणं कठीण. पण घेणाऱ्याचं? मावशींचे दोन्ही हात ओले, बोटांना खवले. फोन पिशवीत. गिऱ्हाईक आपला पडदा पुढे करतो आणि म्हणतो, "झाले हं पैसे." खरे झाले की जुनाच फोटो दाखवतोय, कोण सांगणार? तेव्हा मदतीला आला बोलणारा डबा, साउंडबॉक्स. तो रक्कम मोठ्याने सांगतो. हात पुसायची गरज नाही.

इथे व्यवहारात एक वस्तू वाढली. तिला बॅटरी लागते, सिम लागतं, चार्ज करावी लागते. छाटणीच्या मंत्राप्रमाणे हे पाप. तरीही मावशींचं काम सोपं झालं, कारण त्यांच्या डोक्यावरची शंका त्या डब्याने उचलली. रेल्वेच्या तिकीट ॲपचंही तसंच. टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून स्थानकात उभं राहून तिकीट निघत नसे. नियम रास्त, पण घाईत आत आलेला प्रामाणिक माणूसही अडकायचा. मग स्थानकात क्यूआर कोड लावले, ते स्कॅन करून तिकीट काढता येऊ लागलं. पुन्हा एक गोष्ट वाढली आणि वाट मोकळी झाली.

हे शहाणपण आपल्याकडे नवं नाही. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवायला सुरुवात केली. घरच्या बाईने डबा दारात द्यायचा, एवढंच तिचं काम. झाकणावरचे रंग, आकडे, अक्षरं, म्हणजे कुठल्या स्टेशनचा, कुठे उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, हे सगळं डबेवाल्याने वाचायचं. प्रवासात एक डबा अनेक हातांतून जातो. ती खूण डबेवाल्यांची. गिऱ्हाइकाला ती समजायची गरज नाही.

आणि तो डबा? भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात. गोल पत्रा प्रेसवर डायमध्ये ओढतात, कड कापतात, मग घासून गुळगुळीत करायला बफिंगला. झाकणाच्या काठावरून बोट फिरवा, लागत नाही. ती खरखर हवेत विरलेली नसते. बफवर बसलेल्या कामगाराच्या चेहऱ्यावर ती काळी पूड होऊन बसलेली असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. साधेपणा पडद्यावर मोजू नका. तुमच्या उत्पादनाशेजारी कोण वही ठेवतं ते शोधा. कधी ती खरी वही असते, कधी व्हॉट्सॲपचा ग्रुप, कधी शेजारच्याला विचारलेला प्रश्न, कधी ओल्या हाताने उघडलेली पिशवी. त्या वहीतली एकेक ओळ आपल्याकडे ओढून घ्या. मग पडद्यावर बटण एक राहो की दहा.

त्या विकायला आलेल्या मुलाला मी म्हटलं होतं, एक दिवस सकाळी सात ते नऊ आमच्या गेटवर बस. तो हसून "नक्की, काका" म्हणाला. अजून आलेला नाही. वॉचमनची वही गेल्या आठवड्यात संपली. सेक्रेटरींनी नवी आणून दिली आहे, या वेळी दोनशे पानी.