पोरगी होती का पोरगा?

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर कंधार तालुक्यातल्या एका गावी मुलांच्या शिबिराला गेले होते. मन्याडच्या खोऱ्यातलं गाव, शेजारी दोन तांडे. आठ ते पंधरा वयाची मुलंमुली शाळेच्या पडवीत बसली होती. मी त्यांना एक गोष्ट सांगितली. एका मुलानं दार ढकललं. दारामागे कप ठेवलेले आहेत हे त्याला माहीत नव्हतं. पंधरा कप फुटले. दुसरा मुलगा आई घरात नाही असं बघून गुळाचा डबा काढायला फळीवर चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त चूक कुणाची?

लहान मुलं एका आवाजात म्हणाली, "पंधरा कपवाल्याची!" मोठी मुलं म्हणाली, "त्याला ठावं नव्हतं, त्याची काय चूक?" इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. मग दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "ताई, कप फोडणारी पोरगी होती का पोरगा?"

सगळे हसले. मला मात्र हसता आलं नाही, कारण तिचा प्रश्न अगदी नेमका होता. कुणाच्या हातून काय फुटलं यावर तिच्या घरात शिक्षा ठरत नाही, फोडणारं कोण यावर ठरते, हे तिला दहाव्या वर्षीच कळलं होतं.

कपांची गोष्ट माझी नाही. जाँ पियाजे या स्वित्झर्लंडच्या मानसशास्त्रज्ञानं ती तिकडच्या मुलांना विचारली होती. फक्त त्यांच्या जॅमच्या जागी मी गूळ ठेवला. मुलांच्या नैतिक विचारांवरचं त्याचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मूल नुकसान किती झालं ते बघतं. मोठ्यांनी घातलेला नियम त्याला देवानं घातल्यासारखा वाटतो. पुढे ते हेतू बघायला लागतं, आणि नियम माणसांनी केलेले आहेत, सगळ्यांनी मिळून ते बदलता येतात, हे त्याला कळतं. हे कळतं कशानं? मोठ्यांच्या उपदेशानं फारसं नाही, असं पियाजे म्हणतो. बरोबरीच्या सवंगड्यांशी खेळताना, भांडताना, "आता माझी पाळी" म्हणताना न्यायाची समज येते. जिथे एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, तिथे आज्ञापालन तेवढं शिकता येतं.

आता आपल्या मुलींकडे बघा. नवव्या-दहाव्या वर्षी मुलीच्या कडेवर धाकटं भावंडं येतं, हातात घागर येते. भाऊ अंधार पडेपर्यंत गोट्या नाहीतर क्रिकेट खेळतो. न्याय शिकण्याची जी शाळा पियाजेनं सांगितली, तिच्यातून मुलीचं नाव आधीच कमी झालेलं असतं. आणि गंमत अशी, की त्याच पुस्तकात पियाजेनं मुलांच्या गोट्या आणि मुलींचे खेळ ताडून बघितले आणि नियमांची जाण मुलींमध्ये बरीच कमी आहे असं लिहून टाकलं.

पुढचा मोठा अभ्यास अमेरिकेत लॉरेन्स कोहलबर्गनं केला. १९५८ मध्ये त्याचा प्रबंध पुरा झाला. नैतिक विचारांच्या सहा पायऱ्या त्यानं मांडल्या, आणि त्या मांडल्या फक्त मुलग्यांना प्रश्न विचारून. त्याच पायऱ्यांवर पुढे बायकांना उभं केलं, तेव्हा त्या खालच्या पायरीवर दिसल्या! त्याच्याबरोबर काम केलेल्या कॅरल गिलिगननं १९८२ मध्ये हे उघडं केलं. बायकोला वाचवायला औषध लागतं, ते फार महाग आहे, नवऱ्यानं ते चोरावं का, असा कोहलबर्गचा एक प्रश्न होता. अकरा वर्षांचा एक मुलगा पटकन म्हणाला, चोरावं. पैशापेक्षा जीव मोठा. त्याच वयाची मुलगी अडखळली. नवरा तुरुंगात गेला तर आजारी बायकोकडे कोण बघणार? दुकानदाराशी बोलता येणार नाही का? तिला कमी गुण मिळाले. गिलिगननं दाखवलं, की ही मुलगी विचारात कच्ची नव्हती. कुणाचं काय होईल, कोण कुणाला धरून आहे, हे ती बघत होती.

आमच्या शिबिरात असला प्रश्न बनवून विचारायची गरज पडली नाही. तो तिथेच बसला होता. दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या मैत्रिणीचं लग्न करलालेत, ताई. टोळी निघायच्या आत." तिथी नाही, मुहूर्त नाही, तरी घाई. कारण साधं आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. घरात सून आली की कोयता पुरा होतो. मुलीकडच्यांना वाटतं, आपण सहा महिने उसाच्या फडात, वयात आलेली पोरगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची?

मी नाव न घेता प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. हे माहीत असलेल्या मैत्रिणीनं काय करावं? नऊ वर्षांचा एकजण म्हणाला, "मोठ्यांचं ऐकावं." आठवीतला मुलगा म्हणाला, "अठराच्या आत कायद्यानं बंदी हाय. १०९८ ला फोन लावायचा." त्याचं बरोबर होतं. २००६ चा कायदा आहे, आणि गाव ज्यांना ग्रामसेवक म्हणतं त्यांच्यावर तो पाळला जातो का हे बघण्याची जबाबदारी आहे. पण एक मुलगी म्हणाली, "फोन लावला तर लग्न मोडंल. पण मग तिला शाळेत घालतील का? का मारतील? अन् मायबाप तिकडं गेल्यावर ती राहील कुठं?" कायदा तिलाही मान्य होता. कायद्याच्या पुढचे जे प्रश्न आपण मोठ्यांनी विचारायला हवेत, ते ती विचारत होती.

जिचं लग्न ठरलं होतं ती तिथेच मागे बसली होती, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "आईचं टेन्शन कमी होईल. भावाची शाळा होईल." मी पुन्हा विचारलं, "आणि तुझं?" ती बराच वेळ गप्प राहिली. तिच्या हिशेबात घरातलं प्रत्येक माणूस होतं, ती स्वतः नव्हती.

मैत्रिणींनो, मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. आपल्या मुलींना दुसऱ्याचा विचार करायला शिकवावं लागत नाही, तो त्या पाळण्यापासून शिकतात. त्यांना शिकवलं जात नाही ते स्वतःला मोजायला. गिलिगननंही हेच म्हटलंय, की दुसऱ्यांची काळजी घेताना त्यात स्वतःलाही धरणं ही समज वाढल्याची खूण आहे. आणि मुलग्यांचं उलटं होतं. त्याला स्वतःला मोजायचं शिकवावं लागत नाही; ताटात पहिली भाकरी त्याला पडते तेव्हाच ते होतं. त्यानं ताट उचलायला, धाकट्याला कडेवर घ्यायला शिकायला हवं. बहिणीची कामं केल्याशिवाय तिच्या जागी उभं राहून विचार करणं त्याला कुठून येणार?

"संस्कार" म्हटलं की आपल्याकडे सगळे आईकडे बोट दाखवतात. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली ती आईच्या प्रेमाच्या ऋणातून. आपण मात्र त्यातून आईवर आणखी एक ओझं टाकलं. पोर बिघडलं तर तिनं वळण लावलं नाही! बापानं तिच्यावर उगारलेला हात, मुलगी झाल्यावर पडलेले चेहरे, हुंड्याची बोलणी हे सगळं मूल बघतंच की. त्याला संस्कार कुणी म्हणत नाही, पण मूल खरं शिकतं ते त्यातूनच.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. तिच्या दोन मैत्रिणी शाळेतल्या बाईंकडे गेल्या. बाई आणि आमच्या दोघी कार्यकर्त्या घरी जाऊन बोलल्या. लग्न पुढे ढकललं गेलं, मोडलं नाही. मुलगी आईबापाबरोबर फडात गेली. ज्या मैत्रिणींनी सांगितलं, त्यांतल्या एकीला घरी मार बसला. गल्लीतल्या बायका तिला "घर फोडणारी" म्हणाल्या. आणि आम्ही? आम्ही परतलो होतो. अहवालात "बालविवाह रोखला" अशी ओळ लिहून मोकळ्या झालो. तिला मार बसला हे आम्हाला महिनाभरानं कळलं, तेही बाईंकडून.

ही आमची चूक होती आणि ती इथे कबूल करते. चौदा वर्षांच्या मुलीनं मैत्रीण, आईबाप, गाव आणि कायदा या सगळ्यांचा विचार करून एक अवघड निर्णय घेतला. त्यानंतर तिच्या पाठीशी कुणीच नव्हतं. यातून ती काय शिकली असेल? "बरोबर वागलं की मार बसतो," हेच ना? पुढच्या वेळी ती गप्प बसली, तर तिची नैतिक वाढ खुंटली असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून यापुढे शिबिर संपल्यावर बोलणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी पुन्हा जायचं, तिच्या आईशी बसून बोलायचं, गावातल्या दोन बाया तरी तिच्या बाजूनं उभ्या करायच्या, असं आमच्या बैठकीत ठरलंय. टोळ्या परत आल्या की त्या मुलीलाही भेटायचंय. शाळेत नाव अजून आहे का ते बघायचंय.

तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी एखादी बोललेली मुलगी आहे का? तिच्यामागे तुम्ही कशा उभ्या राहिलात, किंवा का राहू शकला नाहीत, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ते छापू, मुलींची आणि गावांची नावं न देता.